तारखा गेल्या, ट्रॅक उरला

प्रश्न : आम्ही अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लटला राहतो. इथून दीडेक तासावरच्या नॉर्थ विल्क्सबरो स्पीडवेवर १९९६पर्यंत स्टॉक कारच्या (दिसायला नेहमीच्या मोटारींसारख्या गाड्यांच्या) शर्यतींना तुडुंब गर्दी व्हायची म्हणे. मग तो बंद का पडला?

उत्तर : प्रेक्षक आटले नव्हते, तारखा गेल्या. ट्रॅक विकत घेतला की या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार संस्थेच्या वेळापत्रकातली त्याची शर्यतही हाती येते, आणि नॅसकारने मान्यता दिली की ती दुसरीकडे नेता येते. विल्क्सबरोकडे वर्षाला अशा दोन तारखा होत्या. १९४७मध्ये ट्रॅक उभा करणाऱ्यांपैकी एक, इनॉक स्टेली, मे १९९५मध्ये वारले आणि वर्षभरात मालकी दोघांत विभागली. निम्मा वाटा ब्रूटन स्मिथ यांच्याकडे गेला; ते टेक्सासात फोर्ट वर्थजवळ अजस्र ट्रॅक बांधत होते. उरलेला निम्मा न्यू हॅम्पशरच्या ट्रॅकमालकाने घेतला. दोघांनी एकेक तारीख आपापल्या ट्रॅकवर नेली. २९ सप्टेंबर १९९६ला जेफ गॉर्डन यांनी तिथली त्या पर्वातली शेवटची मोठी शर्यत जिंकली आणि फाटकाला कुलूप लागलं. देऊळ जागच्या जागी, यात्रेची तिथी परगावी, अशी ही गत. एवढ्या जुन्या ट्रॅकच्या वाट्याला हे यायला नको होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : ट्रॅकची एक बाजू उतरती, दुसरी चढती आहे. हे मुद्दाम केलंय का?

उत्तर : सपाटीकरणाचे पैसे संपले म्हणून जमीन होती तशीच ठेवली, असं तिथे सांगतात. एक फेरी ०.६२५ मैलांची, म्हणजे जेमतेम एक किलोमीटर. स्टँडसमोरच्या उतारावरून गाडी पहिल्या वळणाकडे येते तेव्हा ब्रेक मारताच भार पुढे सरकतो, मागची चाकं हलकी होतात आणि शेपटी बाहेर जाऊ पाहते. दुसऱ्या वळणानंतर चढ लागतो. तिथे घाईने अॅक्सिलरेटर दाबला तर मागचे टायर जागीच घसरतात, तापतात आणि पुढच्या काही फेऱ्या पकड देत नाहीत.

प्रश्न : जुनं डांबर इतकी वर्षं का ठेवलं होतं?

उत्तर : १९८१चा थर होता तो. ऊन-पावसाने डांबर कडक होऊन झिजतं, वर खडी उघडी पडते आणि टायरला कानशीसारखी घासते. नवे टायर सुरुवातीला सुसाट, मग दर फेरीला वेळ वाढत जातो. त्यामुळे टायर जपणारा चालक पुढे येतो. मे २०२३मध्ये नॅसकारची ऑल-स्टार (निवडक विजेत्या चालकांची) शर्यत इथे झाली ती याच पृष्ठभागावर, आणि काइल लार्सन जिंकले. पुढे भेगा वाढल्या की खालून पाणी झिरपतं, तुकडे सुटतात. म्हणून २०२४च्या शर्यतीआधी नवं डांबर टाकावं लागलं. नव्या थराला पकड जास्त, पण टायर झिजत नाहीत आणि मागून येणाऱ्याला पुढे जाणं अवघड होतं.

प्रश्न : ओसाड ट्रॅक जागा झाला कसा?

उत्तर : २०१०-११मध्ये काही छोट्या शर्यती झाल्या, पण ते टिकलं नाही. डिसेंबर २०१९मध्ये नॅसकारचे नामवंत चालक डेल अर्नहार्ट ज्युनियर यांनी माणसं जमवून भेगांमधलं गवत उपटलं. संगणकावरच्या शर्यतीसाठी ट्रॅकचं लेझर मोजमाप घ्यायचं होतं, आणि भेगेत गवताचा झुबका राहिला तर यंत्र त्यालाच उंचवटा समजतं. तिथून लोकांच्या मनात ट्रॅक परत आला. २०२१मध्ये राज्याने केंद्राच्या कोविड मदतनिधीतून १.८ कोटी डॉलर मंजूर केले आणि ऑगस्ट २०२२मध्ये इंजिनं पुन्हा गरजली.

प्रश्न : या परिसराचा हातभट्टीच्या दारूशी खरंच संबंध आहे का?

उत्तर : आहे. ट्रॅक ज्या विल्क्स काउंटीत (जिल्ह्यात) आहे, तिथे पोलिसांना चकवत रात्री दारू पोचवणारे चालक इथल्या शर्यतींत उतरत. ज्युनियर जॉन्सन त्यातले सर्वांत नामवंत. जानेवारी २०२४मध्ये स्टँडच्या काँक्रीटखाली सुमारे ७०० चौरस फुटांची पोकळी सापडली. तिथे भट्टी चालत असावी असा कयास झाला. भट्टीचं सामान मात्र हाती लागलं नाही.