नेट लागलंय, पण चालत नाही

प्रश्न : बार्शीत माझं महा ई-सेवा केंद्र आहे. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. मागच्या खोलीत वाय-फाय पोचत नव्हतं, म्हणून घरी पडून असलेला जुना राउटर तिथे लावला. नव्या राउटरच्या लॅन पोर्टमधून (आतल्या यंत्रांना जोडायच्या खाचेतून) केबल काढून जुन्याच्या लॅन पोर्टमध्ये खोचली. तेव्हापासून रोज कुठला तरी एक कॉम्प्युटर ‘कनेक्टेड’ म्हणतो, पण साइट उघडत नाही आणि प्रिंटरही त्याला ऑफलाइन दिसतो. बंद-चालू केलं की कधी सुटतं, कधी नाही. नेटवाला म्हणतो लाइन ओके आहे, मोठा प्लॅन घ्या. घेऊ का?

उत्तर : मुळीच नको. लाइन ओके असेलच. मोठ्या प्लॅनचा सल्ला मात्र त्याच्या सोयीचा आहे.

अडलेल्या कॉम्प्युटरवर सीएमडी (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही कमांड द्या. मग चालणाऱ्यावर द्या. माझा अंदाज असा, की चालणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा नंबर, 192.168.1.7 असा काहीतरी असेल आणि अडलेल्याचा 192.168.0.103. तिसरा आकडा बघा. खाली सबनेट मास्क 255.255.255.0 दिसेल. त्याचा हिशोब सरळ आहे : पहिले तीन आकडे जुळले तर समोरचं यंत्र आपल्याच नेटवर्कमधलं, त्याच्याशी थेट बोलायचं. नाही जुळले, तर डेटा गेटवेकडे, म्हणजे बाहेरची वाट दाखवणाऱ्या राउटरकडे सोपवायचा, पुढचं तो बघेल. तुमचा प्रिंटर 1 च्या नेटवर्कमध्ये आहे, अडलेला कॉम्प्युटर 0 च्या. दोघंही एकाच केबलजाळ्यावर आहेत, तरी एकमेकांना परके.

हे 0 आलं कुठून? पत्ते वाटण्याचं काम राउटरमधला डीएचसीपी करतो. कॉम्प्युटर सुरू झाला की ‘मला कोणी पत्ता देता का?’ असं सगळ्या नेटवर्कला विचारतो आणि सहसा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतो. तुमच्याकडे उत्तर देणारे आता दोघे आहेत. दवाखान्यात दोन कंपाउंडर दोन टेबलांवरून नंबर वाटतायत आणि त्यातल्या एकाच्या दारामागे डॉक्टरच बसलेला नाही, असा हा प्रकार. जुना राउटर पत्ता देतो, गेटवे म्हणून स्वतःचंच 192.168.0.1 सांगतो, पण त्याच्या वॅन पोर्टला, म्हणजे बाहेरचं इंटरनेट जिथे येतं तिथे, काहीच जोडलेलं नाही. त्याच्याकडे गेलेला डेटा तिथेच संपतो. बंद-चालू केल्यावर कोण आधी उत्तर देईल यावर तुमचा दिवस ठरतो.

(पुष्कळ घरी 192.168 च का, असंही लोक विचारतात. 10 ने सुरू होणारे, 172.16 ते 172.31 चे आणि 192.168 चे पत्ते 1996 च्या नियमाने खासगी वापरासाठी राखलेले आहेत. ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणून कोणीही आपापल्या घरात बिनधास्त वापरावेत.)

जुना राउटर फेकू नका. त्याची केबल काढा, एकटा लॅपटॉप त्याला जोडा आणि सेटिंगमध्ये शिरा. आधी डीएचसीपी बंद करून मग त्याचा लॅन पत्ता 192.168.1.2 करा. दोन्ही एकाच पानावर असतील तर एकदमच सेव्ह करा, नाहीतर मध्येच लॅपटॉपचा पत्ता गेला की अडकाल. हा 2 नव्या राउटरच्या वाटपाच्या यादीबाहेर आहे ना, तेवढं पाहून घ्या. मग केबल पुन्हा लॅनमधून लॅनमध्येच, वॅन रिकामा. आता तो फक्त वाय-फाय देईल, पत्ते वाटणार नाही. शेवटी सगळे कॉम्प्युटर एकदा रीस्टार्ट करा. प्रिंटरसाठी नव्या राउटरमध्ये ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ करून ठेवा, म्हणजे त्याचा पत्ता बदलणार नाही.

प्रश्न : आमचा प्लॅन 300 एमबीपीएसचा आहे. मोबाइलवर वाय-फायने 250 च्या वर स्पीड येतो, पण केबल लावलेल्या कॉम्प्युटरवर 94 च्या पुढे जात नाही. केबल तर वाय-फायपेक्षा वेगवान असते ना? – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : असते, पण धड असली तर. 94 हा आकडाच चोर पकडून देतो : जोडणी 100 एमबीपीएसवर अडकली की स्पीड टेस्टमध्ये साधारण एवढंच येतं. केबलमध्ये आठ तारा असतात. 100 च्या जोडणीला त्यातल्या चारच पुरतात, 1, 2, 3 आणि 6 नंबरच्या पिनवरच्या. गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसच्या जोडणीला, आठही लागतात. निळी जोडी 4-5 वर असते, तपकिरी 7-8 वर. त्यातली एक तार जरी क्लिपमध्ये नीट बसली नाही, तरी नेट चालतं आणि कोणाला संशयही येत नाही. आधी दुसरी चांगली केबल लावून बघा. तरीही 94 च आला तर राउटरचा किंवा कॉम्प्युटरचा पोर्टच 100 चा असणार. केबल बदलल्यावर स्पीड वाढला, तर जुनीची दोन्ही टोकं नव्याने क्रिंप करून (नवी क्लिप दाबून बसवून) घ्या. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागलेले स्वतः बघा, मगच पैसे द्या.