वरच्या मजल्यावर वायफाय पोचत नाही: आधी वायर, मग राउटर

तुमची अडचण थोडक्यात अशी: २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन, खाली हॉलमध्ये १८० मिळतात, वर मुलीच्या खोलीत जेमतेम १२. सहा अँटेनांचा महाग राउटर घेऊ का?

कृपा करून घेऊ नका. राउटरचा आवाज, म्हणजे सिग्नल, वर पोचला तरी मुलीच्या मोबाइलचं उत्तर त्याच स्लॅबमधून खाली यावं लागतं, आणि मोबाइलची ताकद राउटर बदलून वाढत नाही. काँक्रीट आणि सळया ५ गिगाहर्ट्झच्या लहरी फार अडवतात. वायफायचा दुसरा बँड, २.४ गिगाहर्ट्झ, बऱ्यापैकी पार होतो, पण तिथे सगळ्या शेजाऱ्यांची गर्दी. रिपीटरही (वायफाय पकडून पुढे पाठवणारं छोटं यंत्र) नको. साधा रिपीटर एकाच चॅनलवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. मी घरी तो वर्षभर वापरला, म्हणून तळमळीने सांगतोय.

खरा उपाय म्हणजे इंटरनेट कंपनीने बसवलेल्या फायबरच्या खोक्यापासून वरच्या खोलीपर्यंत एक लॅन केबल, आणि तिच्या टोकाला गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्टचा साधा ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्हीवर चालणारा) राउटर. जुन्या डिश केबलचा पाइप असेल तर तोच मार्ग वापरा, नाहीतर जिन्याच्या कडेने केसिंग-कॅपिंग (वायर झाकणारी प्लास्टिकची पट्टी) करून घ्या. विजेच्या वायरींच्या पाइपात मात्र ही केबल घालू नका. कॅट ६ प्रतीची लॅन केबल घ्या. १०० मीटरपर्यंत पूर्ण गिगाबिट मिळतो, घरात तेवढं अंतर होतच नाही.

केबल घेताना दुकानदाराला शुद्ध तांब्याचीच मागा. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल भरपूर आहे. आतली तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी चमक दिसली तर परत करा. माझ्या घरीही केबलनेच घोळ घातला होता. सगळं बसवलं आणि वेग ९४ वर अडकला, काही केल्या पुढे जाईना. मी दोन दिवस इंटरनेट कंपनीला फोन करत होतो. शेवटी केबल टेस्टर लावला तेव्हा कळलं की आठांपैकी एक तार जॅकपाशी तुटलीय. गिगाबिटला चारही जोड्या लागतात; त्यातली एखादी गेली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते, आणि स्पीड टेस्टमध्ये ९४-९५ दिसतात. हा आकडा दिसला की आधी केबल आणि पोर्ट तपासा.

वरचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर ठेवा, म्हणजे तो फक्त वायफाय देतो, स्वतःचं वेगळं नेटवर्क करत नाही. तो मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी (मोबाइल-लॅपटॉपना नेटवर्कचे पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याला खालच्या खोक्यापेक्षा वेगळा पत्ता द्या (खाली १९२.१६८.१.१ असेल तर वर १९२.१६८.१.२) आणि केबल वॅन (बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या) पोर्टाऐवजी लॅन पोर्टात लावा. नाहीतर घरात एकात एक अशी दोन नेटवर्कं होतात आणि वरच्या मोबाइलला खालचा प्रिंटर सापडत नाही. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, चॅनल वेगळे: ५ गिगाहर्ट्झवर खाली ३६, वर १४९, २.४ वर १, ६, ११ यांतले दोन, तिथे चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ.

कंपनीचं खोकं बदलायच्या फंदात पडू नका. त्याचा सिरीयल नंबर त्यांच्याकडे नोंदलेला असतो, बाजारातलं दुसरं आणून लावलं तर बहुतेक चालणारच नाही. ब्रिज मोड (खोकं फक्त इंटरनेट पुढे देतं, राउटरचं काम तुमचा राउटर करतो) मागता येतो, पण तुमच्या कामासाठी त्याची गरज नाही, शिवाय त्याच खोक्यावर लँडलाइन असेल तर ती चालू राहील का हे आधी विचारून घ्या. हिरव्या टोकाची फायबर वायर उगाच काढू नका. धुळीचा कण बसला तरी सिग्नल पडतो. तिच्या टोकात डोळा घालून तर कधीच बघू नका, तो लेझर दिसत नाही पण असतो. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या खोक्याच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये) दिसत असेल तर उणे ८ ते उणे २७ डीबीएममध्ये आहे ना, एवढं बघा. उणे २७ च्या खाली गेलं तर तक्रार नोंदवा, ते काम त्यांचं.

लाइट जात असेल तर कंपनीचं खोकं आणि वरचा राउटर दोन्हींना छोटा यूपीएस लावा. घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा; बरीच खोकी १२ व्होल्टची असतात, पण सगळी नाही.

केबल टाकली की वरून लॅपटॉप थेट तिलाच जोडून एकदा मोजा आणि आकडा इथे कळवा. वायफायकडे त्यानंतर बघू.