तबेल्यातली जळमटं झाडूनही पुन्हा का होतात?

तुम्ही विचारलंय: पत्र्याचा तबेला, दोन घोड्या, शेजारीच कडब्याची गंजी, झाडलं तरी आठ दिवसांत जळमटं हजर, तर फवारायला औषध कोणतं?

कोणतंच नको. गोचिडासाठी बैलांवर वापरतात ते अमिट्राझ तर तबेल्यात आणूच नका. त्याने घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावते, लीद अडकते आणि पोटशूळ उठतो. कापसावर मारून उरलेलं औषधही तिकडंच ठेवा. ते गव्हाणीत ठिबकलं तर जनावर हातचं जाईल.

कोळी येतात किड्यांसाठी आणि किडे येतात उजेडाला. आत रात्रभर पांढरा बल्ब जळत असेल तर तुम्ही झाडतच राहाल. बल्ब बाहेर, दारापासून लांब लावा, पिवळसर उजेडाचा, आणि काम झालं की बंद. लीद रोज उचला. उकिरडा अशा बाजूला करा की वारा तबेल्याकडून तिकडं जाईल.

झाडताना जनावरं बाहेरच. घोडा फक्त नाकानेच श्वास घेतो, त्यामुळे छताची धूळ सरळ आत जाते (मग खोकल्याचं खापर कडब्यावर फुटतं). पाण्याचं टिपाड झाका, गव्हाण रिकामी करा, मेन स्विच बंद करा, स्वतःच्या नाकाला रुमाल बांधा. दहा-बारा फुटी वेळूला शिंदीचा फडा बांधून त्यावर ओलं करून घट्ट पिळलेलं गोणपाट गुंडाळा. फडा ओढायचा नाही, वेळू हातात फिरवायचा. जाळं त्याभोवती गुंडाळत येतं. ओढलं की भिंतीवर काळा पट्टा उमटतो.

बहुतेकांचं चुकतं ते पुढं. अँगल आणि पत्रा मिळतो त्या खाचेत ज्वारीच्या दाण्याएवढ्या पांढुरक्या गोळ्या चिकटलेल्या असतात. ती कोळ्याची अंडी. जाळं गेलं तरी त्या राहतात. शिडी लावून जुन्या ब्रशने खरवडा आणि साबणाच्या पाण्यात टाका. होल्डर आणि वायर मात्र कोरड्या फडक्यानेच पुसा. जळमटात अडकलेला कडब्याचा भुसा तापलेल्या बल्बवर लोंबला, तर शेजारच्या गंजीला आग लागायला तेवढं पुरतं.

धूळ बसायला तासभर द्या, मग थोडं पाणी शिंपडून जमीन झाडा. टँकरच्या दिवसांत धुण्याचा हट्ट नको. मुताने भिजलेलं अंथरूण उचलून त्या जागी मूठ-दोन मूठ विझवलेला चुना भुरभुरा, वर कोरडं उसाचं पाचट. कळीचा चुना नको. ओल लागली की तो तापतो, कातडी भाजते. नंतर गुडघ्यावर बसून वास घ्या. डोळे चुरचुरले तर ओल अजून आहे. शिंगरू असेल तर ते त्याच उंचीवर झोपतं.

हात फिरवणं आठवड्याला. मोठी सफाई वर्षातून दोनदा: रब्बी ज्वारीचा कडबा रचून झाला की, आणि पाऊस संपल्यावर. तेव्हा भेगा सिमेंटने बुजवून भिंतींना चुना द्या. त्यात मोरचूद मिसळू नका, घोडी भिंत चाटतात. माळेगावच्या यात्रेतून नवं जनावर आणणार असाल तर ते येण्याआधीच चुना पूर्ण वाळलेला हवा.