नाव सापडेना: ऑफिसातल्या डीएनएसचे सवाल-जवाब

प्रश्न : आमच्याकडे साठ पीसी आणि दोन डोमेन कंट्रोलर (ऑफिसातले पीसी आणि लॉगिन सांभाळणारे विंडोज सर्व्हर) आहेत. डीएचसीपीमधून (पीसींना आयपी पत्ते आपोआप वाटणारी सेवा) पहिला डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून डोमेन कंट्रोलर आणि दुसरा म्हणून गूगलचा ८.८.८.८ दिला आहे, म्हणजे सर्व्हर बंद पडला तरी इंटरनेट चालू राहील. पण अधूनमधून सकाळी चार-पाच पीसींवर शेअर फोल्डर उघडत नाहीत, ‘डोमेन उपलब्ध नाही’ असं येतं. रीस्टार्ट केलं की ठीक. डीएनएसला नाव विचारून पाहणारं एनएसलुकअप तर दरवेळी बरोबर उत्तर देतं. — एक वाचक, चाकण

उत्तर : दोष त्या ८.८.८.८ मध्येच आहे. दुसरा डीएनएस म्हणजे ‘पहिल्याला माहीत नसेल तर याला विचार’ असा समज सर्रास आहे, पण विंडोज तसं वागत नाही. पहिल्याकडून साधारण सेकंदभरात काहीच उत्तर आलं नाही, तर ते दुसऱ्याकडे वळतं. बॅकअप किंवा अपडेट चालू असलेल्या सर्व्हरला एवढा उशीर सहज होतो. गूगलच्या सर्व्हरला तुमचं आतलं डोमेन ठाऊक नाही. तो ‘असं नावच नाही’ म्हणून मोकळा होतो. विंडोजच्या दृष्टीने हे रीतसर उत्तर असतं, त्यामुळे ते पहिल्याकडे परत जात नाही. ‘उत्तर आलं नाही’ आणि ‘नाही असं उत्तर आलं’ या दोन गोष्टींत फरक आहे. डीएनएसच्या निम्म्या तक्रारी हा फरक न पाहिल्यामुळे लांबतात.

एनएसलुकअपने तुम्हाला फसवलं, कारण ते पीसीची कॅश (आधी मिळालेल्या उत्तरांचा साठा) आणि होस्ट्स फाइल (पीसीवरचीच नावं-पत्त्यांची यादी) न बघता यादीतल्या पहिल्या सर्व्हरलाच विचारतं. पुढच्या वेळी रीस्टार्टची घाई करू नका. आजारी पीसीवर आधी सर्व्हरच्या पूर्ण नावाने पिंग करा, मग ‘आयपीकॉन्फिग /डिस्प्लेडीएनएस’ने कॅश पाहा. त्यानंतर एनएसलुकअपला नावापुढे सर्व्हरचा पत्ता देऊन तोच प्रश्न दोन्ही डीएनएसना वेगवेगळा विचारा. शेवटी ‘एनएलटेस्ट /डीएसगेटडीसी:’ आणि डोमेनचं नाव देऊन पीसीला डोमेन कंट्रोलर सापडतो का ते पाहा. डोमेन कंट्रोलर शोधायला पीसीला एसआरव्ही नोंदी (कुठली सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या) लागतात, आणि त्या बाहेरच्या सर्व्हरवर कधीच मिळणार नाहीत.

डीएचसीपीच्या ००६ क्रमांकाच्या ऑप्शनमध्ये फक्त दोन्ही डोमेन कंट्रोलरचे पत्ते ठेवा. ८.८.८.८ ची जागा डोमेन कंट्रोलरच्या डीएनएस कन्सोलमध्ये, फॉरवर्डर्सच्या (स्वतःला माहीत नसलेली नावं ज्यांना विचारायची ते सर्व्हर) टॅबवर. बदल आपोआप पसरायला वेळ लागतो: डीएचसीपीची लीज, म्हणजे दिलेल्या पत्त्याची मुदत, मुळात ८ दिवसांची असते आणि पीसी निम्म्या मुदतीला, म्हणजे चौथ्या दिवशी, ती वाढवून घेतो. घाई असेल तर ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ आणि मग ‘/फ्लशडीएनएस’. हाताने आयपी दिलेले पीसी, एनएएस (फाइली साठवायची नेटवर्कवरची पेटी), हायपर-व्ही होस्ट (आभासी सर्व्हर चालवणारं मशिन) आणि हजेरीच्या मशिनचा पीसी मात्र एकेक करून तपासावे लागतील. नेमके तेच सुटतात.

एवढं करूनही एखादा पीसी हट्ट धरून बसला, तर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’मध्ये डीएनएसच्या यादीत एफई८० ने सुरू होणारा पत्ता आहे का बघा. इंटरनेटचा राउटर आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) वरून परस्पर स्वतःलाच डीएनएस म्हणून जाहीर करत असतो. राउटरवर ते बंद करा. पीसीवरचं आयपीव्ही६ काढून टाकायची गरज नाही.

डोमेन कंट्रोलरच्या स्वतःच्या नेटवर्क कार्डावर आधी दुसऱ्या कंट्रोलरचा पत्ता आणि शेवटी १२७.०.०.१ (म्हणजे तो स्वतः). इंटरनेट बंद पडण्याची तुमची भीती रास्त आहे, पण त्यावर इलाज दुसरा कंट्रोलर हाच. तो पहिल्याच्याच होस्टवर आणि त्याच यूपीएसवर नसला म्हणजे झालं.

प्रश्न : कंपनीची वेबसाइट मोबाइल डेटावर उघडते, ऑफिसात नाही. वेबसाइट आणि विंडोज डोमेन यांचं नाव एकच आहे. — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ते डोमेन आपलंच आहे असं तुमचा आतला डीएनएस धरून चालतो. त्यामुळे न सापडलेलं नाव तो फॉरवर्डरकडे पाठवत नाही, तिथेच ‘नाही’ म्हणतो. आतल्या झोनमध्ये (त्या डोमेनच्या नोंदींच्या यादीत) डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नावाची ए नोंद (नावाचा आयपी पत्ता सांगणारी) करून होस्टिंगचा पत्ता द्या. साइट सीडीएनमागे (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) असेल तर पत्ता देऊ नका, तो बदलत राहतो, सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी नोंद) द्या. मेल बाहेर ठेवला असेल तर ऑटोडिस्कव्हरची (आउटलुकला मेल सर्व्हर शोधून देणारी) नोंदही बहुधा राहिली असेल.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लावता साइट उघडायचा आग्रह मात्र सोडा. नुसतं डोमेनचं नाव आत डोमेन कंट्रोलरकडेच गेलं पाहिजे. ग्रुप पॉलिसीच्या (सगळ्या पीसींना एकाच जागेवरून लागणारी सेटिंग) फाइली पीसी त्याच नावाने उघडतो. ती नोंद बदलाल तर नेटलॉगॉन सेवा आपली नोंद पुन्हा आणून ठेवेल, आणि मधल्या काळात पॉलिसी लागणार नाहीत.

प्रश्न : पीसीचं नाव पिंग केलं तर उत्तर येतं, पण शेअर उघडताना ‘टार्गेट अकाउंट नेम’ चुकीचं असल्याची एरर येते. — एक वाचक, वेर्णा, गोवा

उत्तर : पिंगला उत्तर देणारा पीसी दुसराच आहे. जुन्या नोंदीतला पत्ता डीएचसीपीने मध्यंतरी भलत्याला दिला. ‘एनबीटीस्टॅट -ए’पुढे तो आयपी दिला की खरं नाव कळेल, इथलं ए मोठ्या लिपीतलं. जुनी नोंद पुसली की आजचं काम भागतं.

कायमचा उपाय स्कॅव्हेंजिंग, म्हणजे शिळ्या नोंदींची आपोआप सफाई. ते दोन ठिकाणी चालू करावं लागतं, झोनच्या एजिंगमध्ये आणि सर्व्हरच्या गुणधर्मांत. बहुतेकांचं एक राहून जातं आणि मग काहीच पुसलं जात नाही. नोंद ताजी न करण्याची आणि ताजी करण्याची, अशा दोन मुदती मुळात ७ अधिक ७ दिवस, आणि सफाईची फेरी दर ७ दिवसांनी. म्हणजे नोंद १४ ते २१ दिवसांत जाते. चालू करण्याआधी सर्व्हरच्या नोंदींचा टाइमस्टॅम्प पाहा. हाताने केलेल्या नोंदी स्टॅटिक असतात, त्यांना हात लागत नाही. ‘डीएनएससीएमडी’चा ‘/एजऑलरेकॉर्ड्‌स’ हा पर्याय चालवू नका. तो स्टॅटिक नोंदींनाही तारीख चिकटवतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी ईआरपीच्या (कंपनीचे हिशेब-व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरचं नाव गायब होतं.

वाय-फायची लीज काही तासांचीच असेल तर एवढी सफाई पुरत नाही. तिथे नोंदी डीएचसीपी सर्व्हरलाच करू द्या, त्यासाठी वेगळं साधं खातं द्या, आणि लीज संपल्यावर ए व पीटीआर (पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या) नोंदी काढण्याची खूण चालू ठेवा.

प्रश्न : आतलं डोमेन ‘.लोकल’ने संपतं. विंडोजवर सगळं ठीक, पण मॅकवर नाव सापडायला उशीर होतो आणि उबुंटूवर सापडतच नाही. — एक वाचक, पुणे

उत्तर : २०१३ च्या आरएफसी ६७६२ ने (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) ‘.लोकल’ हे नाव मल्टिकास्ट डीएनएसला (सर्व्हरशिवाय जवळच्या यंत्रांनाच नाव विचारण्याची पद्धत) दिलं. मॅक आणि लिनक्स असं नाव २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर पुकारतात. उबुंटूवर एनएसस्विच.कॉन्फ फाइलमधल्या होस्ट्सच्या ओळीत ‘डीएनएस’ हे ‘एमडीएनएस४_मिनिमल’च्या आधी आणा. चालत्या डोमेनचं नाव बदलायच्या फंदात मात्र एवढ्यासाठी पडू नका. नवं डोमेन उभारताना विकत घेतलेल्या नावाचं सबडोमेन वापरा. खासगी वापरासाठी २०२४ मध्ये राखून ठेवलेलं ‘.इंटर्नल’ही चालेल, पण त्याला सार्वजनिक एसएसएल सर्टिफिकेट मिळत नाही.

प्रश्न : इंट्रानेट (ऑफिसची आतली साइट) एजमध्ये उघडतं, त्याच पीसीवर फायरफॉक्समध्ये नाही. पिंग बरोबर लागतो. — एक वाचक, नाशिक

उत्तर : फायरफॉक्स एचटीटीपीएसवरून बाहेरच्या डीएनएसला विचारत असावा. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस बंद करून पाहा. उघडलं, तर ग्रुप पॉलिसीतून तेच सेटिंग बंद आणि लॉक करा. क्रोम आणि एजलाही अशीच पॉलिसी आहे, तीही याच वेळी लावून घ्या.