गळलेली वेलांटी

सप्रेम नमस्कार,

गेल्या शनिवारी कर्वे रस्त्यावर चहा घेताना तू विचारलेस, "आता कोणती लँग्वेज पक्की करू?" आणि मी विषय बदलला. प्रश्न चुकीचा नव्हता, पण त्याचे उत्तर एका कपात संपणारे नव्हते, म्हणून हे पत्र.

तुला अपेक्षित असलेले उत्तर सोपे आहे. ब्राउझरमध्ये काम करायचे तर जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा टळत नाही. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात तिचे पहिले रूप दहा दिवसांत उभे केले. त्या घाईच्या खुणा तिच्यात अजून सापडतात, आणि तरीही हिंजवडीपासून खराडीपर्यंत कितीतरी चुली तिच्यावर पेटतात. ती नीट शीक आणि फ्रेमवर्कांच्या, म्हणजे कोडच्या तयार सांगाड्यांच्या, वादात संध्याकाळी घालवू नकोस.

माझा आग्रह आहे तो दुसऱ्याच भाषेसाठी. वेबपान वापरणारा माणूस ज्या भाषेत स्वतःचे नाव लिहितो, ती भाषा यंत्रात कशी साठते, कशी मोजली जाते आणि कुठे तुटते, हे ज्याला ठाऊक नाही त्याला मी कुशल म्हणत नाही, मग त्याच्या बायोडेटात काहीही लिहिलेले असो. हे शहाणपण मला आपसूक आलेले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचे काम माझ्याकडे होते. सभासदाचे पहिले नाव साठवण्याआधी माझा कोड ते ३० बाइटांवर कापत असे; बाइट म्हणजे यंत्रातले साठवणीचे माप. इंग्रजी नावांवर तपासून मी ते चोख असल्याची ग्वाही दिली होती. युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या रूढ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे असतात, हे मी वाचले होते, पण माझ्या कामाशी त्याचा संबंध जोडला नव्हता. 'ज्ञानेश्वर' या नावात अशी १० चिन्हे आहेत, म्हणजे बरोबर ३० बाइट. 'ज्ञानेश्वरी'त ११. त्या नावाच्या सभासद बाईंच्या पावतीवरून शेवटची वेलांटी गळाली आणि त्या पुरुष झाल्या. कात्री एखाद्या चिन्हाच्या मधोमध चालली असती, तर निदान प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटून कोणाच्या तरी डोळ्यांत भरला असता; पण तिसाला तिनाने नेमका भाग जातो, त्यामुळे चूक सुबक दिसत राहिली. बाई पावती घेऊन आल्या तेव्हा काउंटरवरच्या कारकुनाने त्यांनाच आधार कार्ड मागितले. ते ऐकल्यावर मला जे वाटले, ते मी अजून विसरलेलो नाही.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची: मी स्वतः मराठी, वापरणारे सगळे मराठी, आणि तपासणीसाठी मी नाव टाइप केले होते ते 'टेस्ट'.

तेव्हापासून माझ्या काही खोडी आहेत आणि त्या तुला लागाव्यात अशी इच्छा आहे. पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाची रचना सांगणाऱ्या मजकुरात, भाषा नोंदवायची जागा असते. तयार साच्यात तिथे बहुधा इंग्रजीची खूण असते आणि आपण ती तशीच सोडतो. मग दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचण्याची धडपड करतो. मराठीची 'एमआर' ही खूण दिली, तर आवाज योग्य निवडला जातोच, शिवाय काही फॉन्ट पाकळीचा ल आणि देठाचा श, म्हणजे २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी ठरवलेली रूपे, आपणहून दाखवतात. अक्षरांमधले अंतर वाढवून शीर्षक देखणे करणारे शिरोरेघ तोडून ठेवतात. आडनावांची यादी नुसत्या युनिकोड क्रमांकांनी, म्हणजे यंत्रात प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकांनी, लावली, तर ळ हा ल च्या लगेच मागे येतो आणि काळे हे काशीकरांच्या आधी बसतात. आपल्या वर्णमालेत ळ ची जागा ह नंतर आहे.

आता तू दाखवलेल्या फॉर्मविषयी. मी पिन कोडच्या चौकटीत ४११०३० असे देवनागरीत लिहिले आणि लाल अक्षरांत उत्तर आले: "अवैध इनपुट." जावास्क्रिप्टमधली अंकांची नेहमीची खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते, हे कारण मला समजले, सदाशिव पेठेतल्या आजोबांना ते समजावे अशी अपेक्षा कशी करायची? त्यांनी आयुष्यभर पत्ता असाच लिहिला आहे. अंक आतल्या आत बदलून घेणे हे चार ओळींचे काम आहे. आणि खरोखरच चूक झाली असेल, तर "पिन कोड सहा अंकी असतो, येथे पाचच अंक आहेत" असे लिहावे. "अवैध इनपुट" हे वाक्य कोणत्याही मराठी घरात कोणी कधी उच्चारलेले नाही.

इंग्रजी कच्चे असल्याने मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, असेही तू म्हणालास. माहितीपत्रके इंग्रजीत आहेत, ती वाचावीच लागतील. त्यात सवलत नाही. पण तुझी अडचण मला इंग्रजीची वाटली नाही. मागच्या आठवड्यात बग कळवताना तू "पेज नीट चालत नाहीये" एवढेच लिहिलेस, आणि ते तर मराठीतच होते. काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, ही तीन वाक्ये आधी मराठीत वहीत लिही. ती मराठीत स्वच्छ उतरली की मोडक्या इंग्रजीतही पलीकडच्याला समजतात. मी स्वतः असाच शिकलो, आणि माझे इंग्रजी अजूनही फार बरे आहे असे नाही.

एक राहिले. तुझे "जमा करा" हे बटण नाही, रंगवलेला साधा 'डिव्ह', म्हणजे पानावरचा नुसता कप्पा आहे. माऊसने ते दबते, म्हणून तुला बटण वाटले. टॅबने तिथे पोचता येत नाही, एंटर दाबून काही होत नाही, आणि स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणतही नाही. एचटीएमएलमध्ये बटणासाठी 'बटन' हाच घटक आहे आणि हे सगळे त्याच्यासोबत फुकट मिळते.

येत्या शनिवारी त्याच ठिकाणी भेटू. फॉर्म लॅपटॉपवर चालू ठेव, आणि माऊस घरी ठेवून ये.

तुझा शुभचिंतक