आधीचे फोल्डर गेले कुठे, आणि डिस्क राइट करताना काय निवडायचे

प्रश्न थोडक्यात असा: २०१५ च्या सिंहस्थाचे साधारण ६० जीबी फोटो नाशिकच्या स्टुडिओत हार्ड डिस्कवर पडून आहेत, ते डीव्हीडीवर ठेवायचेत. एका डीव्हीडी-आरवर आधी दोन फोल्डर टाकले, आठवड्याने तिसरा टाकला, आता तिसराच तेवढा दिसतो. त्यात सॉफ्टवेअर डीएओ, टीएओ, मल्टिसेशन, फायनलाइझ असं काय काय विचारतं.

पहिले दोन फोल्डर डिस्कवरच आहेत. डीव्हीडी-आरवर एकदा लिहिलेलं पुसता येत नाही. मल्टिसेशनमध्ये, म्हणजे एकाच डिस्कवर वेगवेगळ्या वेळी लिहिताना, दर वेळी नवी अनुक्रमणिका लिहिली जाते आणि कॉम्प्युटर शेवटची तेवढी वाचतो. दुसऱ्या वेळी सॉफ्टवेअरमध्ये आधीचं सेशन 'इम्पोर्ट' किंवा 'कंटिन्यू' केलं नाही, तर नव्या अनुक्रमणिकेत जुन्या फायलींची नोंदच येत नाही. आयएसओबस्टर या सॉफ्टवेअरमध्ये डिस्क उघडा, डावीकडे सेशन १ आणि सेशन २ वेगळे दिसतील. सेशन १ मधून फोल्डर हार्ड डिस्कवर काढून घ्या. त्या डिस्कवर आता आणखी काही लिहू नका.

बॅकअपसाठी मल्टिसेशन वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जागाही जाते: सीडीवर पहिलं सेशन बंद करताना सुमारे २२ एमबी आणि पुढच्या प्रत्येकाला सुमारे १३ एमबी नुसत्या चौकटीत खर्च होतात. डीएओ (डिस्क-अ‍ॅट-वन्स) म्हणजे सुरुवातीची पट्टी, डेटा आणि शेवटची पट्टी एका दमात. टीएओमध्ये (ट्रॅक-अ‍ॅट-वन्स) प्रत्येक ट्रॅकनंतर लेसर थांबतो. डीव्हीडी-आरवर टीएओच्या जागी 'इन्क्रिमेंटल' (टप्प्याटप्प्याने लिहिणं) असतं, आणि डीव्हीडी+आरवर तर हा पर्यायच नसतो. तुम्ही डीएओ घ्या आणि फायनलाइझ, म्हणजे शेवटी डिस्क कायमची बंद करणं, चालू ठेवा. उघडी राहिलेली डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये कोरी म्हणूनही दिसू शकते.

विंडोज विचारतं, 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी' की 'सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी'? दुसरा पर्याय. पहिल्यात पेन ड्राइव्हसारखं पुसता येतं असं वाटतं, पण डीव्हीडी-आरवर फाइल नुसती लपते, जागा परत मिळत नाही.

फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फायलींची नोंद ठेवण्याच्या पद्धतीत, मराठी नावांची एक गंमत आहे. साधं आयएसओ ९६६० देवनागरी घेत नाही, जोलिएट घेतं, पण विस्तारासकट ६४ चिन्हांपर्यंत. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना-मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'सिंहस्थ' डोळ्याला तीन अक्षरं, मोजणीत सात. 'सिंहस्थ_रामकुंड_शाहीस्नान_पहाटेचे_फोटो' अशी नावं बघता बघता मर्यादेजवळ जातात आणि सॉफ्टवेअर शेपूट छाटतं. म्हणून यूडीएफ ही तिसरी पद्धत निवडा, त्यात देवनागरीची १२७ चिन्हं बसतात. ४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ असेल तरी यूडीएफच.

डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेलं असतं, विंडोज तेच ४.३८ दाखवतं. तेवढं काठोकाठ भरू नका. राइटिंग आतून बाहेर जातं आणि डिस्कची बाहेरची कड सर्वांत कच्ची, म्हणून ४.१ वर थांबा. त्या हिशेबाने तुमच्या १५ डीव्हीडी होतील, आणि दुसरी प्रत धरली तर ३०. २५ जीबीची बीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणारी ब्लू-रे डिस्क (विंडोजमध्ये २३.३), तीनच लागतील. ब्लू-रे रायटर घ्यावा लागेल, पण ६० जीबीला तोच शहाणपणाचा. बीडी-आर घेताना एलटीएच लिहिलेली टाळा, तिच्यात सेंद्रिय रंगाचा थर असतो. एचटीएल या दुसऱ्या प्रकारात अजैविक थर असतो.

वेग (एक्स म्हणजे मूळ वेगाच्या किती पट): १६एक्सची डीव्हीडी ८एक्सवर मारा. १६एक्सचा वेग ड्राइव्ह गाठतो तोही बाहेरच्या कडेलाच, तिथेच चुका वाढतात. पण 'जितकं हळू तितकं चांगलं' म्हणून १एक्स-२एक्सच्या मागे लागू नका. आजच्या डिस्कमधला लिहिण्याच्या थराचा रंग त्या वेगासाठी बनवलेलाच नसतो. बीडी-आरला ४एक्स पुरे, पूर्ण डिस्कला वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

राइटिंग पेन ड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरून थेट करू नका. डेटा वेळेवर पोचला नाही की लेसर थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. बफर अंडररन संरक्षणामुळे डिस्क वाया जात नाही, पण सांधा राहतो. फायली आतल्या डिस्कवर घ्या, आयएसओ (आख्ख्या डिस्कचा मजकूर असलेली एकच फाइल) बनवा, मग मारा. बाहेरचा रायटर असेल तर यूएसबी हब नको, केबलला दोन तोंडं असतील तर दोन्ही लावा. वीज कमी पडली की शेवटच्या टप्प्यात एरर येते. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच, पावसाळ्यात तर नक्कीच.

आता सगळ्यांत जास्त टाळलं जाणारं काम, व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं मूळ फायलींशी ताडून बघणं. ट्रे बाहेर काढून पुन्हा आत घालूनच करा, नाहीतर काही भाग मेमरीतूनच वाचला जाऊ शकतो. इम्गबर्न हे सॉफ्टवेअर ते आपोआप करतं. शक्य असेल तर शेवटची तपासणी दुसऱ्याच ड्राइव्हवर, कारण आपलं लिहिलेलं आपला ड्राइव्ह वाचतोच. सगळ्या फायलींच्या एसएचए-२५६ बेरजांची (फाइल बदलली की बदलणारा तपासणीचा आकडा) एक टेक्स्ट फाइल डिस्कवर ठेवा. सगळं एका झिपमध्ये मात्र कोंबू नका, एक खराब सेक्टर आख्खं झिप अडवू शकतो. फोटो सुटे राहिले तर एखादाच जातो.

कागदी स्टिकर लावू नका, ओलीत सुटतात आणि फिरताना डिस्क डगमगते. पाण्याच्या शाईच्या मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा. डिस्क उभ्या, कडक डब्यात, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नकोत. दुसरी प्रत दुसऱ्या घरी, जमल्यास दुसऱ्या ब्रँडच्या डिस्कवर.

वर्षातून एकदा प्रत्येक डिस्कवरचा शेवटचा फोल्डर कॉपी करून बघा. तो बाहेरच्या कडेला असतो, बिघाड बहुधा तिथूनच सुरू होतो. कॉपी अडखळायला लागली की त्याच दिवशी नवी प्रत काढा.