पन्नास लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत माशांचा थवा हवाय? मग क्रोमिस नको

दुकानात तीन सेंटीमीटरचे हिरवे-निळे क्रोमिस मासे झुंडीने फिरताना बघून तुझा जीव भुलला असणार. माझाही भुलला होता. सहा आणले. मग रोज एकाची शेपटी कुरतडलेली दिसायची, आणि शेवटी उरला एकच, गब्बर दादा! हा मासा आठेक सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि लहान टाकीत आपल्याच भाऊबंदांना संपवतो.

त्यापेक्षा ट्रिमा गोबी हा छोटा समुद्री मासा बघ. निळ्या पट्ट्याचा ट्रिमा तेवेगे जेमतेम चार सेंटीमीटरचा. पाच-सहा जण डोकं वर, शेपूट खाली करून कपारीच्या तोंडाशी तरंगत राहतात. गोड्या पाण्यातल्या निऑन टेट्रा माशांसारखी सरळ रांग मात्र मिळणार नाही, ते आधीच मनाशी धर. सगळे एकाच दिवशी सोड. तोंड इवलंसं, त्यामुळे नुकताच उबवलेला आर्टेमिया किंवा कोपेपॉड (दोन्ही कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव) दिवसातून दोनतीनदा, चिमूटभरच.

आता आपल्या नाशिकचं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पाणी मात्र २५-२६ अंशांवर हवं. पाण्यावर पंखा लाव. पंख्याने पाणी भराभर उडतं, मीठ मागेच राहतं आणि खारटपणा चढतो. म्हणून रोज आरओचं गोडं पाणी घाल, मिठाचं नाही; घनता (गोडं पाणी १ धरून) १.०२५ च्या आसपास ठेव. बोअरचं पाणी तर अजिबात नको. डिसेंबरात हीटर लागतोच, नाशिककराला थंडी काय सांगायची!

वर बारीक जाळी टाक. दचकले की उडी मारतात. आणि मासे सोडण्याआधी टाकी दीड-दोन महिने नुसती चालू दे, अमोनिया शून्य दाखवेपर्यंत.